'रूल' आहे, पण तो लिहिलाय कुठे?

शाळेत, रेशनच्या ऑफिसात, खिडकीपलीकडून एकच उत्तर येते, "तसा रूलच आहे!" आम्हीही कैकदा ते ऐकून मुकाट्याने घरी परतलो.

हा रूल म्हणजे काय? या इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिन. तिथे त्याचा अर्थ सरळ काठी. शाळेत रेघा आखायचा रूळ आठवा. गुरुजी त्यानेच हातावर मारीतही!

सरकारी कामात मात्र रूल म्हणजे लेखी नियम. कायदा संसद किंवा विधिमंडळ करते. तो अमलात कसा आणायचा, याचे रूल सरकार त्याच कायद्याच्या आधारे करते. म्हणून रूल कायद्याबाहेर जाऊ शकत नाही. मूलभूत हक्कांच्या आड येणारा रूल घटनेच्या १३व्या कलमाने तेवढ्यापुरता रद्द ठरतो. कायद्याचे बळ असलेली रूढीसुद्धा त्यातून सुटत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी नम्रपणे विचारा, "साहेब, कोणता रूल? लेखी दाखवता का?" २००५च्या माहिती अधिकार कायद्याच्या ४थ्या कलमाप्रमाणे सरकारी कार्यालयांनी आपले नियम स्वतःहून जाहीर करायचे असतात. तरीही दाखवले नाहीत, तर त्याच कायद्याखाली अर्ज करता येतो.

तोंडी सांगितलेला रूल मान्य करण्याआधी तो कागदावर वाचून घ्यावा.