अर्थ लागेना, सूर लागेना

जीप हे वाहन गाणे ऐकण्यासाठी जन्माला आलेले नाही. १९४१ साली अमेरिकेत विलिस कंपनी ती लष्करासाठी बांधू लागली, तेव्हा चिखलातून वाट काढावी आणि चार माणसे व त्यांचे सामान इष्ट स्थळी पोचवावे, यापलीकडे तिच्याकडून कुणाची अपेक्षा नव्हती. बाजूंना दारे नाहीत, वर छत कापडाचे, आणि इंजिनाचा आवाज असा की शेजाऱ्याशी गुजगोष्ट करायची तरी घसा ताणावा. आपल्याकडे तर जीप आणि ध्वनी यांचा संबंध कित्येक वर्षे निवडणुकीपुरताच होता. टपावर भोंगा आणि आत घसा बसलेला उमेदवार!

आता त्याच जीपची नातवंडे शहरातून रुबाबात फिरतात. सोमवार ते शुक्रवार कचेरी आणि रविवारी वेल्हे, केळद किंवा असाच एखादा दगडधोंड्यांचा रस्ता, असा त्यांचा आठवडा. मालकाला समोर नकाशाचा पडदा हवा, आणि पाठीमागून किशोरीताईंचा भूपही हवा. हौसेला मोल नसते हे खरे. पण या हौसेला तारा असतात, आणि त्या तारांतून वीज वाहते. म्हणून हा लेखनप्रपंच.

मोटारीत गाणे आणण्याची खटपट जुनी आहे. पॉल गॅल्विन या अमेरिकन गृहस्थाने १९३० साली मोटारीतला रेडिओ बाजारात आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ असे नाव दिले. त्या काळच्या कारागिरांना सर्वांत जास्त छळले ते गाडीच्या स्वतःच्याच विजेने. इंजिनात ठिणगी पडली की रेडिओत कडकड व्हायची. आज नव्वदहून अधिक वर्षे झाली, रेडिओची जागा स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याने घेतली. पण गाडीची वीज आणि गाडीचे गाणे यांचे सासू-सुनेचे नाते काही सुटलेले नाही.

आमच्या भाच्याच्या गाडीत ते आम्ही जवळून पाहिले. गाडीबरोबर आलेला संच त्याला महिनाभरात ‘डबडे’ वाटू लागला. (यात संचाचा दोष थोडा आणि वयाचा अधिक.) शहरातल्या एका दुकानात जाऊन त्याने नवे स्पीकर बसवले आणि आसनाखाली एक ॲम्प्लिफायर टाकला. काम तीन तासांत झाले. घरी येईपर्यंत गाण्याच्या मागे एक बारीक ‘कुंई’ ऐकू येऊ लागली होती. ॲक्सिलरेटर दाबला की ती वर चढे, पाय काढला की खाली येई. ‘मामा, हा तानपुरा कुठून आला?’ भाच्याने विचारले. दुकानदाराचे उत्तर तयार होते: स्पीकर हलके आहेत, याहून भारी घ्या.

हे उत्तर सर्रास मिळते आणि बहुतेक वेळा ते चुकीचे असते. इंजिनाच्या गतीबरोबर चढणारा-उतरणारा स्वर स्पीकरचा नसतो. तो गाडीत वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरचा असतो, आणि कुठल्या तरी चोरवाटेने तो गाण्यात शिरलेला असतो. ती चोरवाट शोधायची कशी, हे आम्हांला नाना पेठेतल्या एका वयस्क मिस्त्रींनी दाखवले. त्यांनी प्रथम आवाजाचे बटण शून्यावर आणले. कुंई तशीच राहिली. म्हणजे दोष पडद्याच्या अलीकडचा, गाण्याच्या उगमाचा नव्हे. तो त्यापुढे, ॲम्प्लिफायरच्या वाटेवर कुठे तरी आहे. मग त्यांनी ॲम्प्लिफायरमध्ये गाणे आणणाऱ्या तारा उपसून काढल्या. कुंई थांबली. म्हणजे ॲम्प्लिफायरही निर्दोष. उरल्या त्या तारा आणि जमिनीचा जोड. दोन मिनिटांत आरोपी निम्मे झाले, आणि तेही एक पैसा खर्च न करता. आमच्या विद्यार्थ्यांना वाक्यपृथक्करण इतक्या शिस्तीने करता आले असते तर!

‘अर्थ बरोबर लागलेला नाही,’ मिस्त्री म्हणाले.

मराठीच्या मास्तराला हे वाक्य नवे नाही, पण इथे त्याचा अर्थ वेगळा. मोटारीत बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या लोखंडी अंगालाच जोडलेले असते, आणि प्रत्येक उपकरणाची वीज त्या अंगातूनच बॅटरीकडे परत जाते. हा परतीचा जोड म्हणजे ‘अर्थ’. दुकानदाराने ॲम्प्लिफायरची काळी तार आसनाच्या पट्टीवर, रंगाच्या थरावरच स्क्रूने आवळली होती. रंग विजेला अडवतो. वीज नीट परत जाऊ शकली नाही की संचाची जमीन एका पातळीवर आणि ॲम्प्लिफायरची दुसऱ्या पातळीवर, अशी स्थिती होते, आणि त्या फरकातून अल्टरनेटरचा स्वर गाण्यात उतरतो. मिस्त्रींनी गाणे चालू ठेवून काळी तार आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये मीटर धरला. काटा शून्याच्या जवळपास राहायला हवा होता. तो पाऊण व्होल्टाकडे गेला. मग त्यांनी जागा बदलली, पॉलिश कागदाने लोखंड पांढरे होईपर्यंत घासले, तारेला गोल टोपण दाबून बसवले, दातेरी वायसर घालून नटबोल्टाने आवळले आणि वरून रंगाचा हात दिला. कारण उघडे लोखंड पावसाळ्यात गंजते आणि पुढच्या दिवाळीला तीच कुंई परत येते. तानपुरा बंद झाला.

खरी धास्ती वाटली ती मात्र पुढे. ॲम्प्लिफायरची तांबडी तार बॅटरीपासून मागे येताना इंजिन आणि बैठक यांमधल्या पत्र्यातून जात होती. भोकाला रबरी कडे नव्हते. गाडी दगडांवरून हिंदकळत असताना पत्र्याची धार तारेवर करवतीसारखी फिरत होती, आणि वरचे आवरण निम्मे कापले गेले होते. फ्यूज होता, पण तो मागे, ॲम्प्लिफायरजवळ! फ्यूज हा यंत्राच्या रक्षणासाठी असतो अशी पुष्कळांची समजूत आहे. या ठिकाणी तो तारेच्या रक्षणासाठी असतो. तार पत्र्याला टेकली तर बॅटरीतली सारी ताकद त्या एका जागी धावते, तार लाल होते आणि पेट घेते. फ्यूज तिच्या दूरच्या टोकाला असेल तर त्याला या अनर्थाचा पत्ताही लागत नाही. म्हणून तो बॅटरीपासून दोन वितींच्या आत हवा. गुळगुळीत रस्त्यावर ही चूक दहा वर्षे झाकून राहील. आडरस्त्यावर ती एका पावसाळ्यात उघडी पडते. मागच्या आसनावर आमची बहीण आणि तिची नात बसणार होती. मिस्त्री त्या वेळी काही बोलले नाहीत, पण कापलेला तुकडा त्यांनी भाच्याच्या हातात दिला.

तो तुकडा हलका होता. ब्लेडने खरवडला तर आत पांढरा निघाला. म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अशी तार तांब्याच्या सुमारे दोन-तृतीयांशच वीज वाहते, आणि दुकानात मात्र तांब्याच्या शेजारीच टांगलेली असते. पैसे खर्चायचेच असतील तर आधी शुद्ध तांब्याच्या जाड तारेवर खर्चावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्पीकरच्या डब्यावरचे सोनेरी आकडे नंतर वाचावेत.

त्या आकड्यांचीही एक मौज सांगतो. संचाच्या खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ असे ठसठशीत छापलेले असते. चालत्या गाडीत मिळतात सुमारे १४ व्होल्ट, आणि नेहमीचा स्पीकर असतो ४ ओहमचा. या दोन आकड्यांतून स्वच्छ, न फाटलेला आवाज निघतो तो फार तर २० ते २५ वॅटचा. बाकीचे वॅट खोक्यावरच राहतात! शिवाय वॅट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही. तो फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. कापडी छताच्या गाडीत वारा आणि जाडजूड टायर यांची घरघर नेमकी खर्जाला गिळते. तबला ऐकू येतो, डग्गा हरवतो. म्हणून वेगळा ॲम्प्लिफायर घेण्यात तथ्य आहे, पण कर्कश होण्यासाठी नव्हे. खर्ज जिवंत राहावा यासाठी.

खर्ज हरवण्याचे आणखी एक कारण अगदी फुकटात दुरुस्त होते. दोन स्पीकरांपैकी एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या, तर एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि खालचे सूर एकमेकांना मारून टाकतात. स्पीकरच्या तारा संचापासून सोडवून त्यांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला लागले की पडदा बाहेर यायला हवा. आत गेला तर तारांची अदलाबदल करावी. आणि संच किल्ली काढताच सारे विसरत असेल, तर पिवळी आणि तांबडी तार उलट लागलेली नाही ना, हे पाहावे. पिवळीला सतत वीज हवी, तांबडीला किल्ली फिरवल्यावर. जोडणी करताना कंपनीच्या मूळ तारा कापू देऊ नयेत. जुळणारे कपलर बाजारात मिळतात, आणि हमीचा कागद शाबूत राहतो.

पाण्याचे काय? ओढा ओलांडला की दारांच्या तळाशी पाणी साचते आणि कागदी पडद्याचा स्पीकर पापडासारखा मऊ पडतो. या गाड्यांना पॉलिप्रॉपिलीनच्या पडद्याचे, बोटींसाठी बनवलेले स्पीकरच बरे. काही गाड्यांत ते छतालाच लावलेले असतात, ते उगीच नव्हे. जोडांवर हिरवा कळंक चढला की आवाज येतो-जातो. तिथे साफसफाई करून सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवावे. ॲम्प्लिफायर आसनाखाली ठेवायचाच तर तळापासून चार बोटे उचलून.

इतके केल्यावर, खऱ्या आडवाटेला लागताच संच बंद करावा असे मिस्त्री म्हणाले, तेव्हा भाच्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण त्यात खोच आहे. पुढे उतरून वाट दाखवणाऱ्याची हाक, खाली घासणारा दगड, वळणापलीकडचा हॉर्न, हे सारे कानानेच कळते.

गाडी उभी करून ऐकायचे तरी बॅटरीचा हिशेब ठेवावा. राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवण्याला जेवण आणि डुलकी मिळून तीन तास सहज जातात. संच आणि ॲम्प्लिफायर मिळून सहा अँपिअर जरी खात असतील तरी साठ अँपिअर-तासांच्या बॅटरीतले अठरा गेले. नवी बॅटरी ते सोसेल. तीन-चार वर्षांची असेल तर संध्याकाळी गावकऱ्यांना धक्का मारायला बोलवावे लागेल. राखीव फ्यूज जवळ असावेत, तेही त्याच अँपिअरचे. उडालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळणारे महाभाग अजून आहेत. त्यांच्या गाडीत बसू नये.

भाच्याला आता मागच्या बाजूला दहा इंची वूफर बसवायचा आहे. त्या जागी सध्या जॅक, पाण्याचा कॅन आणि गाडी ओढायचा दोर असतो. ‘गाडी रुतली म्हणजे तुझा वूफर ओढणार का रे?’ असे बहिणीने विचारले आहे. प्रकरण तूर्त तहकूब आहे.