नांगी नसलेली पट्टेवाली माशी

कोथिंबीर फुलावर आली की तिच्यावर एक पिवळी-काळी, पट्टेवाली माशी हवेत जागच्या जागी थांबलेली दिसते. "अरे, मधमाशी!" म्हणून आपण हात झटकतो. खरं तर हिला नांगीच नाही. मधमाशीला पंख चार, हिला दोनच. नात्याने ही घरमाशीच्या जवळची, पट्टे फक्त धाक दाखवायला. शेतीच्या पुस्तकांत हिला सिरफिड माशी म्हणतात.

आजची जात एपिसिर्फस बाल्टिएटस. स्वीडनच्या डी गीअर यांनी १७७६ मध्ये तिचं वर्णन केलं. लांबी साधारण सेंटीमीटरभर. खूण सोपी आहे: पोटावर जाड काळ्या पट्ट्याच्या जोडीला एक बारीक पट्टा. आणि डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतील तर नर, मध्ये फट असेल तर मादी.

ती हवेत स्थिर कशी राहते? मागच्या पंखांच्या जागी तिला गदेच्या आकाराचे दोन चिमुकले अवयव असतात. उडताना ते सतत थरथरतात, आणि शरीर जरा वळलं की त्यांच्या बुडाशी ताण येतो, तो मेंदूला कळतो. तुमच्या फोनमधला जायरोस्कोपही थरथरणाऱ्या भागावरच चालतो. आम्ही इंजिनिअर लोक उगाच मिरवतो.

मोठी माशी मकरंद आणि परागकण खाते. अळी मात्र शिकारी! मादी मावा पडलेली पानं हुडकून तिथेच अंडी घालते. अळीला ना पाय, ना डोळे. अर्धपारदर्शक, गोगलगायीसारखी सरपटते, बहुतेक रात्री, आणि मोठी होईपर्यंत शेकड्यांनी मावा फस्त करते. गोची इथेच आहे: मावा दिसला की आपण फवारा मारतो, त्यात ही अळीही मरते. मावा भराभर वाढतो, पुन्हा येतो. त्याला खाणारी तेवढ्या लवकर परतत नाही. म्हणून फवाऱ्याआधी पानाची खालची बाजू बघाच.

ही जात युरोप, उत्तर आफ्रिका आणि भारतासह आशियात पसरलेली आहे. युरोपात ती स्थलांतरही करते: वसंतात उत्तरेला, शरदात दक्षिणेला. २०१९ च्या एका अभ्यासात रडारवरून अंदाज काढला, की हिच्यासह दोन जातींच्या मिळून वर्षाला ४०० कोटींपर्यंत माश्या दक्षिण ब्रिटनवरून ये-जा करतात. जाणारी आणि परतणारी पिढी वेगळी, बरं का!

फोटो काढायचा तर सावली तिच्यावर पडू देऊ नका. झटकन बाजूला सरकली तरी मोबाइल तिथेच धरा, बहुतेक वेळा ती पुन्हा त्याच जागी येते.