‘डिड’नंतर ‘सोल्ड’ कां नव्हे?

तुमसर ही तांदळाची पेठ. तेथील एखाद्या विद्यार्थ्यास ‘त्यानें तांदूळ विकला का?’ याचें इंग्रजी विचारल्यास ‘डिड ही सोल्ड राइस?’ असें उत्तर येण्याचा संभव फार. त्यास रागावूं नये. चूक मातृभाषेच्या सवयीची आहे. मराठींत ‘का’ जोडल्यानें ‘विकला’ बदलत नाहीं. इंग्रजींत मात्र भूतकाळाचा भार ‘डिड’ उचलतें. मुख्य क्रियापद मूळ रूपांत राहतें: ‘डिड ही सेल राइस?’ ‘कॅन’, ‘मस्ट’ यांनंतरहि ‘सेल’च, ‘हॅज’नंतर ‘सोल्ड’, चालू क्रियेस ‘इज सेलिंग’.

हा नियम अगदींच परका नव्हे. आपणहि ‘विकूं शकला’ म्हणतों; ‘विकला शकला’ कोणी म्हणत नाहीं. मुलास हेंच प्रथम दाखवावें.