एएक्स २०० की एएक्स २०१? लिनक्स लॅपटॉपसाठी वायफाय कार्ड

एपिसोड ऐकला असेल तरी हा मजकूर सेव्ह करून ठेवा, कारण यात नंबर आहेत आणि ऐकताना ते निसटतात.

मी राहतो जवाहरनगरला, भंडारा जिल्ह्यातली ऑर्डनन्स फॅक्टरीची वसाहत. लॅपटॉपचा पार्ट पाहिजे तर नागपूरला बर्डीवर जा, नाहीतर ऑनलाइन मागवा. चुकीचा आला की आठवडा गेलाच समजा.

माझा लॅपटॉप सेकंडहँड, रायझन प्रोसेसरचा, त्यावर लिनक्स मिंट. आतल्या वायफाय चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नव्हता, वेगळा आणून बसवावा लागायचा. कर्नल अपडेट झाला की वायफाय गायब. एकदा हे नेमकं बहिणीच्या स्कॉलरशिप फॉर्मच्या शेवटच्या रात्री झालं. “दादा, साडेअकरा वाजले!” शेवटी फोन केबलने जोडला, यूएसबी टेथरिंग ऑन केलं आणि फॉर्म गेला. फोन स्वतः वायफायवर असला तरी हे चालतं, डेटा पॅक लागत नाही. पण रोज कोण केबल लावत बसणार?

म्हणून नवीन कार्ड घ्यायचं ठरवलं. लिनक्समध्ये ज्या चिपचा ड्रायव्हर कर्नलसोबतच येतो ती घ्यायची, म्हणजे अपडेटची भीती नाही. इंटेलच्या कार्डांचा ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ असाच येतो. मी इंटेलचं एएक्स २०१ मागवलं. स्लॉटमध्ये बरोब्बर बसलं, स्क्रूसुद्धा लागला. लॅपटॉप चालू केला, तर कार्ड दिसेचना!

चूक माझीच होती. एएक्स २०१ हे ‘सीएनव्हीआय’ प्रकारचं कार्ड. त्यात वायफायचं अर्धंच काम होतं, बाकीचं अर्धं इंटेलच्या ठरावीक प्रोसेसर-चिपसेटमध्ये असतं. रायझनमध्ये ते नसतंच. एएक्स २०० मात्र पूर्ण कार्ड आहे, साध्या पीसीआय-एक्स्प्रेसवर चालतं. आकार तोच, एम-डॉट-टू २२३०. फरक फक्त शेवटच्या आकड्याचा.

एएक्स २०० ला कर्नल ५.१ किंवा पुढचा लागतो, एएक्स २१० ला ५.१०. तुमचा कोणता आहे ते टर्मिनलमध्ये ‘यूनेम, स्पेस, डॅश आर’ टाईप केलं की दिसतं.

आणि खोक्यावरच्या नावावर जाऊ नका, विशेषतः यूएसबी डोंगल घेताना. एकाच मॉडेलच्या पुढच्या व्हर्जनमध्ये चिप वेगळी निघू शकते. आतल्या कार्डासाठी ‘एल-एस-पी-सी-आय, स्पेस, डॅश, डबल एन’ टाका, डोंगलसाठी ‘एल-एस-यू-एस-बी’. त्यात कोलनने जोडलेले दोन नंबर दिसतील. माझे आता ८०८६:२७२३ आहेत. पहिला इंटेलचा, दुसरा एएक्स २०० चा. सर्च करायचा तो हा नंबर.

उघडण्याआधी अजून एक. काही जुन्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये ठरावीक कार्डांचीच यादी असते, दुसरं लावलं तर मशीन सुरूच होत नाही. आपल्या मॉडेलचं आधी बघून घ्या. मग चार्जर काढा, बॅटरीची पिन सोडवा. अँटेनाच्या दोन बारीक वायरी असतात, त्या सरळ वर उचलायच्या, ओढायच्या नाहीत. पहिल्यांदा माझे हात थरथरत होते, खरं सांगतो. दुसऱ्यांदा दहा मिनिटांत झालं.

ते एएक्स २०१ अजून ड्रॉवरमध्ये पडलंय. कुणाचा इंटेलचा सीएनव्हीआयवाला लॅपटॉप असेल तर मॉडेल तपासून मेसेज टाका, देऊन टाकतो.