‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ पहिल्यांदा वाचताना

जेन ऑस्टेनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३च्या जानेवारीत तीन खंडांत निघाली, तीही लेखिकेच्या नावाशिवाय. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याच्या हाती आज ती अभिजात प्रेमकथा म्हणून येते, आणि सुरुवातीला त्याला प्रेम सोडून बाकी सगळे सापडते. पहिले प्रकरण जवळपास पूर्ण नवराबायकोच्या बोलण्यात जाते. कोण बोलले हे दर वाक्याला सांगितलेले नसल्याने नजर पुनःपुन्हा वर न्यावी लागते. त्यात नावांचा घोळ. बेनेटांच्या पाच मुलींपैकी ‘मिस बेनेट’ म्हणजे फक्त थोरली जेन. हे अंगवळणी पडते न पडते तोच, बहिणींशिवाय हन्सफर्ड गावी गेलेली धाकटी बहीण एलिझाबेथ तिथे ‘मिस बेनेट’ होते आणि वाचक जेनला शोधू लागतो.

पैशाचे मात्र लवकर उमगते. शेजारच्या नेदरफील्डमध्ये राहायला आलेल्या बिंग्लीचे वर्षाचे चार-पाच हजार पौंड, त्याचा मित्र डार्सीचे दहा हजार, बेनेटांचे दोन हजार. ही चर्चा चारचौघांत चालते. घरात स्थळांची चौकशी होताना ऐकलेल्या मराठी विद्यार्थ्याला इथे टीप लागत नाही. टीप लागते ती वारशाच्या अटीला. बेनेटांची जमीन पुरुष वारसाकडेच जायची, म्हणून त्यांच्या पश्चात घर कॉलिन्स नावाच्या नातलगाचे होणार. हे कळेपर्यंत मिसेस बेनेट नुसती हास्यास्पद वाटते. कळल्यावरही हास्यास्पदच राहते, पण तिची घाई खरी वाटू लागते.

पुस्तकात पेन्सिलीच्या खुणा करणाऱ्याची पहिली ठळक खूण बहुधा तिसऱ्या प्रकरणात पडते. डार्सी एलिझाबेथला ऐकू जाईल असे तिच्या रूपाबद्दल तुच्छतेने बोलतो. तेवढ्यावर त्याच्याविषयीचे मत पक्के होते. सोळाव्या प्रकरणात देखणा, गोडबोल्या विकम डार्सीने केलेल्या अन्यायाची कहाणी सांगतो, तेव्हा समासात ‘बिचारा’ लिहिले जाते. नुकत्याच ओळख झालेल्या मुलीला हा माणूस इतके का सांगतो आहे, हा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. एलिझाबेथलाही पडत नाही. कथेचा बराचसा भाग तिच्याच नजरेतून दिसत असल्याने तिची चूक वाचकाचीही होते.

मधल्या टप्प्यावर वर्गात मतभेद होतात ते शार्लट लुकासवरून. एलिझाबेथने नाकारलेल्या कॉलिन्सला ही तिची सत्तावीस वर्षांची मैत्रीण काही दिवसांतच होकार देते. काहींना तो विश्वासघात वाटतो. लग्नाचे बोलणे ज्यांच्या घरी सुरू झाले असेल, त्यांना शार्लट लवकर समजते. प्रेमकथेची वाट पाहणाऱ्याला ही चर्चा आडवळण वाटेल, पण प्रेम परवडते कुणाला हे कादंबरी इथेच विचारते.

एकूण ६१ प्रकरणांपैकी चौतिसाव्यात डार्सी मागणी घालतो. मागणीत प्रेम आहे आणि तिच्या घराण्याबद्दलची नाराजीही आहे. एलिझाबेथचा नकार वाचताना विद्यार्थ्याला मनापासून बरे वाटते. पुढच्याच प्रकरणात डार्सीचे लांबलचक पत्र येते आणि ते बरे वाटणे टिकत नाही. छत्तिसाव्या प्रकरणात एलिझाबेथ पत्र पुन्हा वाचते, विकमचे बोलणे आठवून पाहते. डार्सीच्या दिवंगत वडिलांच्या आठवणीखातर गप्प राहीन म्हणणारा विकम नेदरफील्डची मंडळी गाव सोडून जाताच तीच कहाणी गावभर सांगत सुटला होता. हे सगळे आधीच्या पानांत उघड्यावर होते. लक्ष देऊन वाचणारा विद्यार्थी मग सोळावे प्रकरण पुन्हा काढतो आणि ‘बिचारा’ खोडतो. आधी गाइड वाचणाऱ्याला परीक्षेपुरते उत्तर मिळते, पण हे खोडणे त्याच्या वाट्याला येत नाही. नायिकेबरोबर आपणही फसलो हे कळण्यासाठी आधी फसावे लागते, आणि ऑस्टेनची सारी मांडणी त्यासाठीच आहे.

तिसऱ्या खंडाच्या आरंभी डार्सीचा वाडा, पेम्बर्ली, येतो. बीबीसीची १९९५ची मालिका पाहिलेले विद्यार्थी तिथे डार्सीची तळ्यातली उडी शोधतात. ती कादंबरीत नाही. वाड्याची जुनी कारभारीण धन्याची स्तुती करते, आणि एलिझाबेथच्या मनावर त्याचा परिणाम होतो. आपले प्रेम पेम्बर्लीचा परिसर पाहिल्यापासूनचे आहे, असे ती पुढे जेनला गमतीने सांगते. काही विद्यार्थी ती गंमत खरी धरतात. त्यांना पूर्ण चूक ठरवणे अवघड आहे.

शेवटाकडे एक ठरलेली निराशा असते. अठ्ठावन्नाव्या प्रकरणात एलिझाबेथ होकार देते, पण तिचे शब्द निवेदनातच उरकले जातात. इतकी पाने थांबलेल्याला हे कंजूषपणाचे वाटते. विकमला शिक्षा व्हावी ही इच्छाही अपुरी राहते. एलिझाबेथच्या धाकट्या बहिणीला, लिडियाला, पळवून नेणाऱ्या या माणसाचे हजार पौंडांहून जास्त कर्ज डार्सी फेडतो, त्याला सैन्यातली जागा विकत घेऊन देतो, आणि लग्नानंतरही लिडियाची पैसे मागणारी पत्रे येतच राहतात.