आवड ज्याची त्याची, सूर मात्र सर्वांचा

घटस्थापना झाली, दिवेलागणीची आरती आटोपली, की गावोगावच्या देवीच्या देवळांतून टाळ, पेटी आणि तबल्याचे आवाज उठू लागतात. कोठे भजनी मंडळाची पाळी असते, कोठे गोंधळ्यांचे संबळ घुमते, कोठे कीर्तन रंगते, तर कोठे एखाद्या नामवंत गवयाची बैठक होते. मिरजेस अंबाबाईच्या देवळात तर नवरात्रातील संगीतसभांना दूरदूरचे कलावंत येऊन हजेरी लावतात. शरद ऋतूतील हे नवरात्र शारदीय, आणि वाग्देवीचे नावही शारदाच. आदिशक्तीची उपासना स्वरांतून करावी, हे आपल्याकडे कोणी कोणास शिकवावे लागत नाही.

परंतु देवळातून घरी परतताना वाटेतच वादाला तोंड फुटते. कालचे गाणे सरस की आजचे? आपल्या गावचा उत्सव मोठा की शेजारच्या गावचा? कोणी पुण्याच्या महोत्सवाचे गुण गातो, कोणी काशीच्या. वाद फार वाढला म्हणजे घरातील वडीलधारे माणूस म्हणते, “असो, ज्याची त्याची आवड!” मग सारे हसतात, पाने वाढली जातात आणि विषय संपतो.

वाक्य सोज्ज्वळ आहे. घरात शांतता नांदावी म्हणून ते उपयोगीही आहे. मात्र ते खरे आहे काय? गाण्याचे चांगलेवाईटपण केवळ ऐकणाऱ्याच्या आवडीवर अवलंबून असते काय? हा प्रश्न आम्हांस एरवी पडला नसता. आमच्या हातून घडलेल्या एका प्रमादामुळे तो पडला, म्हणून प्रथम तोच सांगतो.

बरीच वर्षे झाली. आमच्या आळीतील देवीच्या देवळात अष्टमीच्या रात्री एक वृद्ध आक्का देवीची पदे म्हणत असत. त्यांना गुरू नव्हता. सासूबाईंच्या तोंडून ऐकून उचललेली पदे, आणि साथीला फक्त टाळ. आम्ही त्या वेळी संगीताच्या दोन परीक्षा उत्तीर्ण झालो होतो, पुण्याच्या महोत्सवाची वारीही पदरी होती, आणि तेवढ्या भांडवलावर आपणांस गाणे कळते असा आमचा समज झाला होता. त्या वर्षी मंडळाने नवी पेटी घेतली, ती वाजविण्याचे काम आमच्याकडे आले. आक्कांनी पद सुरू केले, आम्ही पट्टी धरली. सारे ठीक चालले होते. पण गंधारावर आल्या की त्यांचा गळा आणि आमची पेटी यांचे जुळेना. तेथे दर वेळी आवाज हेलकावे खाई.

दुसऱ्या दिवशी चार माणसांत आम्ही बोलून गेलो, “आक्का बेसूर गातात. देवीपुढे असे गाणे बरे दिसत नाही.” बोलणे त्यांच्या कानी गेले. पुढल्या अष्टमीस त्या आल्या, देवीची ओटी भरली, प्रदक्षिणा घातल्या आणि बायकांच्या रांगेत मागे जाऊन बसल्या. कोणी आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, “आता नव्या पोरांना म्हणू दे, बाई.” आम्हांस तेव्हा काहीच वाटले नाही, हे आज लिहिताना संकोच होतो.

उत्सव चार, मापे चार

आता देशातील काही जुन्या संगीतोत्सवांकडे पाहू. हे सारे उत्सव कोणत्या ना कोणत्या देवतेच्या वा गुरूच्या स्मरणाशी बांधलेले आहेत.

पंजाबात जालंदरला देवी तलाव हे शक्तीचे जागृत स्थान आहे. तेथे १८७५ साली स्वामी हरिवल्लभ यांनी आपले गुरू स्वामी तुळजागिरी यांच्या स्मरणार्थ संगीतसंमेलन सुरू केले, आणि डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत ते आजही भरते. काशीस संकटमोचन हनुमंताच्या देवळात १९२३ पासून हनुमान जयंतीच्या सुमारास रात्र रात्र गायन, वादन आणि नृत्य चालते. तेथे तिकीट नाही. कलावंत येतो तो मारुतिरायापुढे हजेरी लावण्यासाठी. पं. जसराज कित्येक वर्षे तेथे जात. २०२० साली महामारीमुळे देऊळ बंद होते आणि पंडितजी अमेरिकेत अडकले होते. तरी तेथून दूरसंचाराच्या साह्याने त्यांनी ही सेवा रुजू केली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले.

दक्षिणेत कावेरीच्या काठी तिरुवैयारू येथे संतकवी त्यागराजांची समाधी आहे. त्यागराज १८४७ साली निवर्तले. ते राहत तो तंजावरचा मुलूख तेव्हा भोसले घराण्याच्या मराठी राजांच्या छत्राखाली होता. सरफोजी राजांचे दरबारचे बोलावणे त्यागराजांनी नाकारले, धनापेक्षा रामसेवा श्रेष्ठ मानली, असे परंपरा सांगते. पुष्य मासातील वद्य पंचमीस त्यांच्या आराधनेला गवई मंडळी समाधीजवळ जमिनीवर मांडी घालून बसतात आणि नाट, गौळ, आरभी, वराळी व श्री या पाच रागांतील पंचरत्न कृती एकमुखाने गातात. पद्मपुरस्कार मिळालेला गवई आणि कालचा शिष्य एकाच रांगेत. कोणाचा गळा कोणता, हे तेथे ओळखूही येत नाही. ही समाधी सावरून तिच्यावर देऊळ उभे राहिले ते बंगळूर नागरत्नम्मा यांच्यामुळे. त्यासाठी त्यांनी आपली कमाई आणि दागदागिने वेचले. आणि ज्या आराधनेत स्त्रियांच्या गाण्याला तोवर स्थान नव्हते, तेथे ते मिळवून दिले.

राहिले आपले पुणे. किराणा घराण्याचे रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व १९५२ साली वारले, आणि त्यांच्या स्मरणार्थ शिष्योत्तम भीमसेन जोशी यांनी १९५३ पासून जो उत्सव सुरू केला, तो अवघ्या महाराष्ट्राने आपला मानला. २०११ साली भीमसेनजी गेल्यावर उत्सवाच्या नावात गुरूशेजारी शिष्याचेही नाव आले. एके काळी तेथे पहाटेपर्यंत मैफली चालत, आणि भैरव-तोडी खरोखरच पहाटे ऐकावयास मिळत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, पुढे त्या रात्री आवरल्या गेल्या. तरी श्रोत्यांची दाटी ओसरलेली नाही.

यांतला थोर उत्सव कोणता? आम्ही विचार केला तो इतकाच, की प्रत्येक उत्सव कलावंताकडे निराळे काही मागतो. पुण्यास गवयाने एकट्याने तास-दीड तास राग उभा करावा, अशी अपेक्षा असते. तिरुवैयारूस त्याने आपला स्वतंत्र आवाज समूहात विरघळवावा, अशी असते. काशीस हजेरीचे मोल मोठे, जालंदरला गुरुस्मरणाचे. पायलीने तेल आणि गजाने दूध मोजू गेल्यास हसे व्हावयाचे, तसेच एका उत्सवाचे माप दुसऱ्यास लावण्याचे आहे.

शिवाय हे उत्सव एकमेकांना परके नाहीत. गाण्याच्या ओढीने घर सोडून पळालेला बाल भीमसेन हिंडत हिंडत जालंदरला पोहोचला होता. तेथे मंगतराम नावाच्या अंध धृपदियांकडे शिकत असता, हरिवल्लभ संमेलनासाठी आलेल्या पं. विनायकबुवा पटवर्धनांनी त्याला सांगितले, की एवढ्या दूर कशाला आलास, तुझ्या मुलखातच रामभाऊ कुंदगोळकर आहेत, त्यांच्याकडे जा. मुलगा परतला, गुरू लाभला, आणि त्या गुरूच्या स्मरणार्थ पुढे पुण्याचा उत्सव उभा राहिला. जालंदरचा उत्सव नसता तर पुण्याचा कसा असता, कोण जाणे!

शास्त्रकारांचा निवाडा

उत्सवांची मापे निरनिराळी, हे मान्य केले; मग गाण्याचे चांगलेपण ही केवळ आवडच ठरली काय? या प्रश्नाचा विचार आपल्या पूर्वाचार्यांनी फार पूर्वी केलेला आहे.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाचा निर्णय करणाऱ्या दहा ‘प्राश्निकां’ची नावे आहेत. यज्ञ जाणणारा, नर्तक, छंदःशास्त्री, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक. प्रत्येकाने आपापल्या विषयापुरते बोलावयाचे. वृत्ताचा निर्णय छंदःशास्त्र्याने द्यावा, स्वर-तालाचा गायकाने. म्हणजे मते अनेक असू शकतात हे मुनींनी ओळखले होते. पण कोणाचे मत कशावर चालावे, याचीही मर्यादा त्यांनी घातली होती.

पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर रचला. आजच्या दौलताबादच्या परिसरात, म्हणजे आपल्याच भूमीवर, हा ग्रंथ झाला. त्यात गायकाचे पंचवीस दोष सांगितले आहेत. दात आवळून गाणारा संदष्ट, भीत भीत गाणारा भीत, कावळ्यासारख्या कर्कश आवाजाचा काकी, तुंब्यासारखे गाल फुगविणारा तुंबकी, मान वाकडी करणारा वक्री, अवधान नसलेला अनवधान. आजही कोणत्याही बैठकीत यांतले दोन-तीन भेटल्यावाचून राहात नाहीत! पण त्याच यादीत ‘निमीलक’ हाही दोष आहे. निमीलक म्हणजे डोळे मिटून गाणारा. आज गवयाने डोळे मिटले की आपण म्हणतो, काय तल्लीन झाला आहे!

ह्या यादीने आमची गाठ बरीच सुटली. डोळे उघडे असावेत की मिटलेले, हा काळाचा आणि रुचीचा भाग. तो सातशे-आठशे वर्षांत बदलला. परंतु त्याच यादीतील अपस्वर हा तेव्हाही दोष होता आणि आजही दोषच आहे. तो जालंदरला चालत नाही, काशीस चालत नाही, पुण्यास चालत नाही. तिरुवैयारूचे शेकडो कंठ एक होतात, तेही सर्वांनी एकच आधारस्वर धरलेला असतो म्हणूनच.

तंबोऱ्याची साक्ष

आता आमची गोष्ट पुरी करतो. आक्कांनी गाणे सोडल्यानंतर तिसऱ्या वर्षी देवळातील जुना तंबोरा दुरुस्त करण्यास मिरजेहून एक कारागीर आले. मिरजेचे तंबोरे देशभर प्रसिद्ध. पंढरपूरच्या आसपास पिकणाऱ्या भोपळ्यांपासून ते घडतात, आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही लाभले. ते गृहस्थ सभामंडपात बसून घोडीवर दोरा सरकवीत जवारी लावीत होते. आक्का शेजारी देवीचे हार गुंफीत होत्या. खर्जाची तार बोलू लागली, तशा त्या नकळत एक पद गुणगुणू लागल्या. कारागिरांनी हात थांबविला. “माई, हा गंधार कोठे शिकलात?” आक्का लाजून गप्प झाल्या.

मग त्यांनी आम्हांस जवळ बसविले आणि नुसती खर्जाची तार छेडली. “ऐका. हिच्या पोटातून आपोआप गंधार निघतो. माईंचा गळा त्यावर होता. आता पेटीचा गंधार दाबा.” आम्ही दाबला. पेटीचा स्वर तंबोऱ्यातल्या गंधाराहून किंचित चढा लागत होता, आणि दोहोंमध्ये तोच हेलकावा उठला, जो आम्ही आक्कांच्या माथी मारला होता.

यामागचे गणित सोपे आहे. षड्जाची कंपने सेकंदास २४० धरली, तर तंबोऱ्यातून उमटणारा स्वयंभू गंधार ३०० कंपनांचा असतो. पेटीत सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असल्याने तिचा गंधार ३०२ च्या थोडा वर जातो. दोन स्वर एकत्र वाजले की त्या दोन-अडीच कंपनांचा फरक हेलकाव्याच्या रूपाने कानी येतो. फरक लहान, पण देवीपुढे बसून एका वृद्ध बाईला बेसूर ठरविण्यास तो आम्हांस पुरला होता. हेलकावा आम्ही बरोबर ऐकला. चुकले ते इतकेच, की तो कोणामुळे उठला हे विचारले नाही. परीक्षेने आमचा कान पेटीवर बसविला होता. आक्कांचा त्याहून जुन्या जागी बसलेला होता.

सायंकाळी आम्ही त्यांच्या घरी जाऊन पाया पडलो आणि क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, “अरे बाळा, गंधार का काय, मला कुठं ठाऊक? सासूबाई पहाटे जात्यावर म्हणायच्या. जात्याची घरघर चालू असायची, तिला धरून गळा लावायचा, एवढंच.” त्या वर्षी अष्टमीस आक्का गायल्या. पेटी बाजूस ठेवली होती. आम्ही मागे बसून तंबोरा छेडीत होतो. पुढे त्यांचा आवाज थकेपर्यंत दोन नवरात्रे हे भाग्य आम्हांस लाभले.

वाचकहो, ‘ज्याची त्याची आवड’ हे वाक्य सर्वस्वी खरे असते, तर आम्हांस क्षमा मागण्याचे कारणच नव्हते. आम्हांस त्यांचे गाणे आवडले नाही, त्यांना आवडले. येथेच हिशेब मिटला असता. पण आमचे चुकले होते, आणि चूक म्हणताच खरे काय तेही कोठेतरी असलेच पाहिजे. ते आमच्या पसंतीची वाट पाहत थांबलेले नव्हते, तारेत होतेच. पद कोणते भावेल, बुवांची बैठक की बायकांचे भजन, हे ज्याने त्याने ठरवावे. त्याबद्दल घराघरांत वाद होतात ते खुशाल होवोत. मात्र कोणाला बेसूर म्हणण्यापूर्वी आपला कान कशावर बसला आहे, हे एकवार तपासून पाहावे.

दसऱ्याच्या सकाळी आपण पाटीवर सरस्वती काढून पूजतो, पोथ्या आणि वाद्यांना गंध-फूल वाहतो. यंदा घरच्या पेटीला, टाळांना फूल वाहाल, तेव्हा त्या देवतेपाशी गोड गळा मागण्याआधी निर्मळ कान मागावा, एवढेच सुचवावेसे वाटते. आम्ही गेली कित्येक वर्षे तेच मागत आलो आहोत.