कलिन्यातला अहवाल कुणासाठी?

मालाडच्या मालवणीत, लक्ष्मीनगरच्या वस्तीत, १७ जून २०१५ च्या संध्याकाळी जी माणसं गुत्त्यावर गेली ती रोजचीच गावठी प्यायला गेली होती. बहुतेक हातावर पोट असलेली. त्या दिवशीच्या दारूत मिथेनॉल होतं. पिताना ते जिभेला कळत नाही. यकृतात त्याचं फॉर्मिक ॲसिड व्हायला काही तास जातात आणि मग डोळ्यांपुढे धुकं येतं, उलट्या होतात, धाप लागते. पहिला माणूस आडवा होईपर्यंत पुढच्या कित्येकांनी ग्लास रिकामे केलेले असतात. मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली. त्याआधी २००४ च्या अखेरीस विक्रोळीत ऐंशीहून अधिक गेली होती.

दोन्ही वेळी जे व्हायचं ते झालं. गुत्ते फोडले, पोलीस निलंबित झाले, आरोपपत्रं दाखल झाली. मालवणीच्या खटल्यात सत्र न्यायालयाने चौघांना दोषी ठरवलं ते २०२४ मध्ये. आरोपी कोण, याचा शोध घ्यायलाच हवा होता. पण त्या नऊ वर्षांत एक प्रश्न कुणी फारसा विचारला नाही: विष बाजारात आलं आहे हे लोकांना मरण्याआधी कळण्याची काही सोय या शहरात आहे का?

मालवणीच्या सहाच महिने आधी, डिसेंबर २०१४ मध्ये, नेदरलँड्समध्ये अशी सोय उपयोगी पडली होती. तिथे १९९२ पासून डिम्स नावाची सरकारमान्य यंत्रणा चालते. नशेची गोळी घेणारा माणूस ती नाव न सांगता केंद्रावर आणून देतो, प्रयोगशाळा ती तपासते आणि निकाल त्याला कळवते. त्या डिसेंबरात सुपरमॅनचं चिन्ह असलेल्या गुलाबी गोळ्यांत एक्स्टसीऐवजी पीएमएमए हे घातक रसायन सापडलं. त्याचा असर उशिरा जाणवतो. ‘चढत नाही’ म्हणून माणूस दुसरी गोळी घेतो आणि तीच त्याचा जीव घेते. देशभर ताबडतोब इशारा दिला गेला. नेदरलँड्समध्ये त्या गोळीने कुणी दगावल्याची नोंद नाही. समुद्रापलीकडे ब्रिटनमध्ये त्याच गोळ्यांनी नववर्षाच्या सुमारास चौघांचा बळी घेतला. गोळी एकच होती. फरक माहितीचा होता.

अशा तपासणीला जागाही फार लागत नाही. एका व्हॅनमध्ये इन्फ्रारेड स्पेक्ट्रोमीटर ठेवला की काही मिलिग्रॅम भुकटी पुरते. यंत्राच्या काचेवर ती दाबून धरली की मिनिटभरात तिचा आलेख पडद्यावर उमटतो आणि तो ओळखीच्या रसायनांच्या आलेखांशी ताडून पाहता येतो. या यंत्राची मर्यादा मोठी आहे: साधारण पाच टक्क्यांहून कमी असलेली भेसळ त्याला दिसत नाही. फेंटानिलसारखं औषध त्याहून किती तरी कमी प्रमाणात जीव घेतं, म्हणून त्यासाठी वेगळी कागदी पट्टी वापरतात आणि शंका राहिली तर नमुना मोठ्या प्रयोगशाळेकडे जातो. निकाल सांगताना समुपदेशक शेजारी बसलेला असतो. माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम या बोलण्यात होतं, कारण एरवी डॉक्टरकडे कधीही न जाणारा माणूस तिथे स्वतःच्या पायाने आलेला असतो. न्यूझीलंडने २०२१ मध्ये हे काम कायद्याने कायमचं मान्य केलं. ऑस्ट्रेलियात कॅनबेराचं केंद्र २०२२ मध्ये उघडलं.

मुंबईच्या उपनगरांत असं अधिकृत केंद्र एकही नाही. पण ते ज्यावर उभं राहील तो पाया इथे आहे, आणि तो बराच जुना आहे.

ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्द, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, आला. १९८५ मध्ये अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा झाला. वांद्र्यात फादर जो परेरा यांचं कृपा फाउंडेशन १९८१ पासून काम करत होतं. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण उभं केलं. मराठी माणसाच्या मनात या विषयाचं चित्र मुक्तांगणनेच घडवलं: व्यसन हा आजार आहे, व्यसनी माणूस गुन्हेगार नव्हे. हे ऋण मोठं आहे. पण व्यसनमुक्ती केंद्राच्या दारापर्यंत जे पोचतच नाहीत, त्यांचं काय? रुळांकडेला पन्नीवर गर्द ओढणारा, पुढे तोच सुईने घेणारा, टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याचा त्रास, लागली की दुसऱ्याची वापरलेली सुई उचलणारा माणूस उद्या नशा सोडणार नसेल, तर त्याला आज एचआयव्ही होऊ द्यायचा का? एल्ड्रेड टेलिस यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने मुंबईत हा प्रश्न हाती घेतला. जुनी सुई द्या, नवी न्या, फोडांवर मलमपट्टी, आणि गर्दच्या जागी ब्युप्रेनॉर्फिन.

पुढे नॅको या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमात गर्दच्या जागी ब्युप्रेनॉर्फिन देण्याचं हे काम ओएसटी (ओपिऑइड सब्स्टिट्यूशन थेरपी) म्हणून देशभर गेलं. ओएसटी केंद्रावरची सकाळ शांत असते. नर्स रजिस्टरमधलं नाव पाहते, गोळी कुटते, ती भुकटी जिभेखाली ठेवायला देते आणि ती पूर्ण विरघळेपर्यंत माणसाला समोर बसवून ठेवते. मग तोंड उघडून दाखवायचं आणि कामाला जायचं. कुणी हमाली करतो, कुणी रिक्षा चालवतो. घरच्यांना पूर्वीचा माणूस परत मिळाल्यासारखं वाटतं, आणि हे त्याने नशा ‘सोडण्याआधी’ घडलेलं असतं.

या कामाचा कणा म्हणजे पीअर, म्हणजे स्वतः कधी काळी किंवा अजूनही नशा करणारा कार्यकर्ता. कोणत्या पुलाखाली कोण बसतं, या आठवड्यातला माल ‘हलका’ आहे की ‘भारी’, कोण परवा निळा पडला होता, हे त्याला ठाऊक असतं. संशोधकांनाही हे कळलेलं आहे. दिल्लीच्या एम्सने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत घरोघरचे प्रश्न पुरेसे नव्हते, म्हणून १३५ जिल्ह्यांत नशा करणाऱ्या ७२,६४२ जणांशी वेगळ्या पद्धतीने बोललं गेलं: एकाने मुलाखत दिली की त्याच्या हाती कुपनं द्यायची आणि त्याने आपल्या ओळखीतल्यांना पाठवायचं. सरकारी खानेसुमारीला दार न उघडणारी माणसं मित्राच्या कुपनावर आली. त्या पाहणीने देशात सुईने नशा करणारे सुमारे साडेआठ लाख असल्याचा अंदाज दिला. नॅकोच्या २०१७ च्या पाहणीत या गटात एचआयव्हीचं प्रमाण ६.२६ टक्के निघालं, तर सर्वसाधारण प्रौढ लोकसंख्येत ते पाव टक्क्याहूनही कमी होतं.

या पाहण्यांनी इतकं मोजलं, पण पुडीत काय आहे हे मोजलं नाही.

आणि बाजार बदलत राहिला. मेफेड्रोन, म्हणजे एमडी, मुंबईत सर्रास विकलं जात असताना ५ फेब्रुवारी २०१५ पर्यंत ते एनडीपीएसच्या यादीतसुद्धा नव्हतं. अंधेरीच्या पार्टीत नाकाने ओढली जाणारी पांढरी भुकटी आणि घाटकोपरच्या रुळांकडेला पन्नीवर जाळला जाणारा गर्द यांची गिऱ्हाइकं एकमेकांना ओळखतही नसतील, पण आपण काय घेतोय याची खात्री दोघांपैकी कुणालाच नसते. जगभर गर्दमध्ये पॅरासिटामॉल आणि कॅफिन मिसळलेलं सापडतं. कधी झोपेची औषधं, ज्यांच्यामुळे श्वास आणखी मंदावतो.

कायदा मात्र या भेसळीची दखल घेतो, ती वजनापुरती. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात ठरवलं की शिक्षा ठरवताना शुद्ध द्रव्याचंच नव्हे, तर त्यात मिसळलेल्या पदार्थाचंही वजन धरायचं. हेरॉइनसाठी ५ ग्रॅमहून कमी ते ‘अल्प’, २५० ग्रॅमहून अधिक ते ‘व्यापारी’. म्हणजे विक्रेत्याने घातलेली भेसळ शिक्षेच्या तराजूत मोजली जाते. ती शरीराचं काय करते, हे पुडी घेणाऱ्याला सांगणं कुणाच्याच कामात बसत नाही.

खरं तर पुडीत काय आहे ते रोज तपासलं जातं. सांताक्रूझच्या कलिन्यात राज्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. अमली पदार्थविरोधी कक्षाच्या घाटकोपर, कांदिवली, वांद्रे युनिटांनी किंवा मुलुंड-बोरिवलीच्या पोलीस ठाण्यांनी मुद्देमाल पकडला की नमुने सीलबंद होऊन तपासणीला जातात. तिथले रसायनतज्ज्ञ अहवाल लिहितात, अहवाल कोर्टाच्या फायलीत लागतो. त्यातलं कुणाचंही नाव, गुन्हा क्रमांक न देता दर महिन्याला एवढंच जाहीर केलं, की उपनगरांतल्या मालात हे हे सापडलं, यात नवं आणि धोकादायक हे आहे, तर राजावाडी आणि कूपर रुग्णालयांच्या अपघात विभागाला आणि प्रत्येक पीअरला ते कळेल. यासाठी नवं यंत्र नको, नवी व्हॅनही नको. पहिलं पाऊल इथे पडायला हवं.

दुसरं पाऊल कायद्याचं आहे. आज एखाद्या संस्थेने तपासणीसाठी चिमूटभर पुडी हातात घेतली तरी तो ताबा ठरतो. पण एनडीपीएसच्या कलम ८ मध्येच वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणांसाठी अपवादाची जागा आहे. सरकारने नियम आणि परवाने द्यायला हवेत. सुईवाटपावरही एके काळी हाच आक्षेप होता. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ च्या कलम २२ ने तो मिटवला: संसर्गाचा धोका कमी करणारं काम गुन्हा ठरत नाही. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. अमली पदार्थांच्या गुन्ह्यातली सक्तीची फाशीही २०११ मध्ये घटनाबाह्य ठरवली ती मुंबई उच्च न्यायालयानेच, इंडियन हार्म रिडक्शन नेटवर्कच्या याचिकेवर. या शहराला असं पाऊल नवं नाही.

तपासून दिलं तर पोरं बिनधास्त होतील, ही भीती मी कमी लेखत नाही. आईबापांची भीती खरी असते. पण ब्रिटनमध्ये २०१६ च्या एका संगीतमहोत्सवात ‘द लूप’ संस्थेने तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा सांगितलेल्या पदार्थाचा नव्हताच, आणि तसं कळल्यावर बहुतेकांनी ते टाकून द्यायला देऊन टाकलं. माणूस नशेत असला तरी त्याला मरायचं नसतं. एवढ्या विश्वासावर सुईवाटप चाललं, ओएसटी चाललं. मग तपासणीची व्हॅनही त्याच कार्यकर्त्यांच्या रोजच्या फेरीवर चालू शकेल.

तोवर प्रत्येक घराच्या हाती असलेली एक गोष्ट सांगतो. कुणी नशेत कोसळलं, श्वास मंदावला, ओठ निळे दिसले, तर त्याला कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना काय घेतलं, किती वाजता घेतलं ते खरं सांगा. अब्रूपायी लपवू नका. सल्ल्यासाठी १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. आणि कलिन्यातले अहवाल लोकांसाठी खुले करा, ही मागणी आपापल्या नगरसेवकाकडे, आमदाराकडे लेखी द्या.